नव्या बंगल्यात गरम पाण्याची सोय निवडताना
बांधकाम चालू असतानाच गरम पाण्याचा निर्णय घ्यावा, कारण सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा संच, बसवायचा असेल तर गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून पॅनेल मांडता येईल अशी बिनसावलीची जागा, त्याहून उंचावर थंड पाण्याची टाकी आणि भिंतीत गरम पाण्याची स्वतंत्र पाइपलाइन लागते; फरशा बसल्यावर ती टाकायची म्हणजे तोडफोड आलीच. चार-पाच माणसांना सहसा २०० लिटरचा सोलर पुरतो. बोअरचे पाणी जड असल्यास फ्लॅट प्लेट म्हणजे सपाट पत्र्याच्या सोलरमधील बारीक तांब्याच्या नळ्यांत क्षार लवकर साचतात, म्हणून तेथे काचनळ्यांचा प्रकार बरा. पावसाळ्यासाठी विजेचा गीझर जोडीला हवाच. गॅस गीझर झटपट पाणी देतो खरा, परंतु तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच लावावा. कोंदट जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्याने धोका कळतच नाही.