खाऱ्या पाण्याच्या टाकीचा पंप वेळीच बंद करणारे घरगुती कटऑफ

घाटावरच्या कोल्हापुरात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायची म्हणजे त्यातला प्रत्येक लिटर स्वतः तयार करावा लागतो. आरओच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणलेले असे चाळीस लिटर पाणी एका रात्रीत फरशीवर गेले, तर जवळजवळ दीड किलो मीठ वाया जाते, आणि ते पाणी टाकीखालच्या प्लायमध्ये, विजेच्या बोर्डात किंवा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छतात उतरते ते वेगळेच. अशा सांडण्यामागे बहुधा रिटर्न पंप असतो. तो बिघडलेला नसतो. थांबायला हवे असतानाही तो इमानाने चालू राहिलेला असतो. योग्य वेळी त्याला थांबवणारे आणि वीज परत आल्यावर आपणहून पुन्हा सुरू करणारे साधे कटऑफ घरी कसे तयार करावे, ते येथे दिले आहे.

पंप केव्हा थांबला पाहिजे, हे आधी ठरवावे. वरच्या टाकीतील पाणी ओव्हरफ्लोच्या जाळीतून खालच्या दुसऱ्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरते आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. जाळीत शेवाळ किंवा एखादी गोगलगाय अडकली की पाणी खाली उतरत नाही, पंप मात्र ते वर टाकतच राहतो. याउलट बाष्पीभवनाने किंवा गळतीने संपमधील पाणी कमी झाले, तर पंप हवा ओढू लागतो, कोरडा चालतो आणि तापतो. या दोन्ही वेळी पंप बंद होणे आवश्यक आहे. तिसरा धोका वीज गेल्यावरचा, म्हणजे रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटे खाली येऊन संप भरून वाहण्याचा. त्यावर मात्र कोणतेही विजेचे कटऑफ उपयोगी पडत नाही, कारण त्या क्षणी पंप आधीच थांबलेला असतो.

म्हणून कामाची सुरुवात मोजपट्टीने करावी. टाकी ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद असेल, तर तिच्यातील एक सेंटिमीटर उंचीचे पाणी सुमारे चार लिटर भरते. संपमध्ये पंपाचा कप्पा ३० बाय २५ सेंटिमीटरचा असून पंपाच्या तोंडापर्यंत त्यात दहा सेंटिमीटर पाणी असेल, तर ओव्हरफ्लो पूर्ण तुंबला तरी पंप फार तर साडेसात लिटर पाणी वर टाकू शकेल, आणि त्यामुळे टाकीतील पातळी दोन सेंटिमीटरांपेक्षा थोडी कमीच वाढेल. पंप चालू असतानाची पातळी आणि काचेचा वरचा काठ यांत तीन सेंटिमीटर जागा मोकळी ठेवली, तर कटऑफ नसतानाही पाणी बाहेर जात नाही. हाच हिशेब उलट्या दिशेनेही करावा. रिटर्नचे तोंड पाण्याखाली दोन सेंटिमीटर असेल, तर वीज जाताच आठ लिटर आणि त्याशिवाय पाइपातील व जाळीवरील पाणी खाली येते. संपमध्ये बारा ते पंधरा लिटर रिकामी जागा हवीच. उलट प्रवाह तोडण्यासाठी पाइपाला छोटे भोक पाडण्याची पद्धत आहे, परंतु ते भोक शेवाळाने बुजते, आणि पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये मीठ साठले की तो नीट मिटत नाही. त्यापेक्षा रिटर्नचे तोंडच पृष्ठभागाच्या जवळ ठेवणे अधिक विश्वासाचे आहे.

मग कटऑफ कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपोआप गोडे पाणी भरणाऱ्या यंत्रणेत आहे. ओव्हरफ्लो तुंबून पंपाच्या कप्प्यातील पाणी उतरले की बाष्पीभवन झाले असे समजून ही यंत्रणा गोडे पाणी सोडते, पंप तेही वर टाकतो, आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. पाणी सांडते आणि टाकीतील क्षारताही घटते. शिवाय कोरड्या चालण्यापासून पंपाला वाचवण्याचे काम मोजमापाने होत नाही. गोड्या पाण्याचा डबा मात्र तरीही लहानच ठेवावा. एकूण २०० लिटर पाण्यात दहा लिटर गोडे पाणी चुकून मिसळले, तर क्षारता हजारी ३५ वरून ३३ च्या थोडी वर राहते, जी मासे सहसा सहन करतात. पन्नास लिटरचा कॅन तेथे जोडून ठेवणे हा उघड धोका आहे.

कटऑफसाठी दोन फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होऊन सर्किट जोडणारे किंवा तोडणारे; एक वरच्या टाकीत, दुसरा संपमधील पंपाच्या कप्प्यात), २४ व्होल्ट डीसीचा एक लहान एसएमपीएस (घरातील विजेपासून हा कमी व्होल्टेज देणारा), तेवढ्याच व्होल्टचा ऑन-डिले टाइमर (वीज मिळाल्यावर ठरलेल्या वेळाने संपर्क जोडणारा), २४ व्होल्ट कॉइलचा व दहा अँपिअर संपर्कांचा दोन पोलचा रिले (कॉइलला वीज मिळाली की पंपाच्या दोन्ही वायरी जोडणारा स्विच) त्याच्या सॉकेटसह, एक बझर, १एन४००७ डायोड आणि झाकणाला रबरी गॅस्केट असलेला प्लास्टिकचा डबा एवढे साहित्य लागते. छंदाच्या दुकानांतून १२ व्होल्टचे सुटे बोर्ड मिळतात; तरीही २४ व्होल्टच निवडावे असे माझे मत आहे, कारण कारखान्यांतील कंट्रोल पॅनेलमध्ये हाच व्होल्टेज रूढ आहे आणि शिवाजी उद्यमनगरसारखी यंत्रकामाची वसाहत हाताशी असताना डिन रेलवर (पॅनेलमधील धातूच्या पट्टीवर) बसणारा, स्क्रूने वायर आवळता येणारा पक्का माल सोडून उघड्या सर्किट बोर्डावर टाकीची मदार ठेवण्याचे कारण नाही. खारट दमट हवेत उघडा बोर्ड लवकर गंजतो. एसएमपीएस मात्र ओळखीच्या कंपनीचा आणि आत ट्रान्सफॉर्मरने विलग केलेला असावा. फ्लोटच्या वायरी पाण्याजवळ असतात, त्यामुळे तेथे घरातील २३० व्होल्ट कोणत्याही वाटेने पोहोचता कामा नये.

फ्लोट संपूर्ण प्लास्टिकचे, पॉलिप्रॉपिलिनचे घ्यावेत. स्टीलचे फ्लोट गोड्या पाण्याच्या टाक्यांसाठी ठीक आहेत. समुद्री पाण्यात साधे स्टेनलेस स्टीलही डागाळते आणि झिजते. प्लास्टिकच्या फ्लोटमध्ये चुंबक असतो आणि दांड्यात काचेच्या नळीतला, त्या चुंबकाने चालणारा रीड स्विच. या रीड स्विचची क्षमता फार लहान, बहुधा दहा वॅटच्या आसपास असते. पंप चाळीसच वॅटचा आहे, म्हणून त्याची २३० व्होल्टची फेज थेट फ्लोटमधून नेण्याचा मोह काहींना होतो, आणि तो दोन कारणांनी घातक आहे: पंपाच्या सुरुवातीच्या झटक्याने रीडचे संपर्क एकमेकांना चिकटतात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी ते उघडत नाहीत, आणि दांड्याला बारीक तडा गेला, तर ती फेज सरळ पाण्यात उतरते.

जोडणीमागचे तत्त्व एकच आहे: सर्व काही ठीक असेल तेव्हाच सर्किट पूर्ण व्हावे. वायर तुटली, उंदराने कुरतडली, एसएमपीएस जळला किंवा एखादा स्क्रू सैल झाला, तर पंप थांबला पाहिजे. यासाठी दोन्ही फ्लोट एकापाठोपाठ एक जोडावेत. एसएमपीएसचा धन टोक पहिल्या फ्लोटला, पहिल्याचे दुसरे टोक दुसऱ्या फ्लोटला, आणि दुसऱ्यातून निघालेली वायर टाइमरच्या ए१ या टोकाला द्यावी. टाइमरचे ए२ हे टोक ऋण बाजूला जाते. टाइमरच्या संपर्कांवर सहसा १५, १६ आणि १८ असे आकडे असतात. १५ ला धन टोक थेट द्यावे, १८ वरून रिलेच्या कॉइलला वायर न्यावी आणि १६ वरून बझरला. कॉइलचे व बझरचे दुसरे टोक ऋण बाजूला जोडावे. फ्लोटचे सर्किट तुटलेले असताना १५ आणि १६ जोडलेले राहतात, त्यामुळे पंप थांबला की बझर आपोआप वाजतो, आणि त्यासाठी वेगळा संपर्क खर्ची पडत नाही. डायोड कॉइलच्या दोन टोकांवर समांतर बसवावा, त्याची पट्टी असलेली बाजू धन टोकाकडे ठेवावी; ती उलटी बसली, तर कॉइल चालू होताच शॉर्ट होईल.

टाइमर पाच मिनिटांवर लावावा. तो नसेल, तर काय होते ते समजून घेण्यासारखे आहे. संपचे पाणी कमी झाल्याने पंप थांबला की टाकीतील थोडे पाणी खाली येते, खालचा फ्लोट पुन्हा उचलला जातो, पंप सुरू होतो, पाणी उतरते, पंप थांबतो, आणि हा खेळ मिनिटा-मिनिटाला चालू राहून पंप व रिले दोन्ही खराब होतात. काही जण यावर उपाय म्हणून एकदा थांबलेला पंप बटण दाबेपर्यंत सुरूच होऊ नये अशी धरून ठेवणारी जोडणी करतात. पाण्याच्या मोटारीसाठी ती योग्य आहे. जिवंत टाकीसाठी मला ती मान्य नाही. पावसाळ्यात वाऱ्याने फांदी तारेवर पडून वीज गेली आणि दहा मिनिटांत परत आली, घरचे मात्र चार दिवसांसाठी गावाला गेलेले असले, तर त्या जोडणीत पंप चारही दिवस बंद राहील. टाइमरच्या पद्धतीत बिघाड कायम असेल, तर पंप पाच-पाच मिनिटांच्या अंतराने थोडा वेळ चालेल, पाणी सांडणार नाही, आणि थोडेफार अभिसरण टिकेल. वीज येताना होणाऱ्या चढउताराचा काळही या पाच मिनिटांत निघून जातो.

अभिसरणाचा मुद्दा खाऱ्या पाण्यात जास्त गंभीर आहे. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर समुद्री पाण्यात जेमतेम ६.७ मिलिग्रॅम, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंच असल्याने येथे हा आकडा आणखी सुमारे सहा टक्क्यांनी खाली येतो. म्हणून टाकीतील पाणी ढवळणारा वेव्हमेकर या कटऑफला कधीही जोडू नये, तो वेगळ्या लाइनवर राहू द्यावा. हीटरचे मात्र उलट आहे. तो पंपाच्या कप्प्यात असेल, तर पाणी उतरल्यावर उघडा पडून त्याची काच तडकते. त्याला ज्या कप्प्यातील पातळी बदलत नाही तेथे हलवावे.

आता २३० व्होल्टची बाजू. रिलेच्या एका पोलमधून फेज आणि दुसऱ्यामधून न्यूट्रल न्यावा, कारण पेठांतील जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये सॉकेटची फेज व न्यूट्रल उलट असणे नवलाचे नाही, आणि फक्त एकच वायर तोडली, तर पंप थांबूनही त्यात वीज राहू शकते. अर्थिंगची वायर कोठेही न तोडता सलग न्यावी. संपूर्ण टाकीसाठी ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. घरभर एकच असेल, तर गीझरच्या दोषाने टाकीही बंद पडते. हा भाग परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावा, २४ व्होल्टची बाजू स्वतः केली तरी चालेल. इन्व्हर्टर असल्यास पंप आणि एसएमपीएस दोन्ही एकाच लाइनवर हवेत, नाहीतर वीज जाताच इन्व्हर्टर चालू असूनही रिले सुटेल.

डबा संपच्या कपाटात बसवू नये. तेथील हवेतले मीठ प्रत्येक स्क्रूवर पांढरा थर धरते. कपाटाबाहेर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच जागी तो लावून वायरी खालच्या बाजूने ग्लँडमधून आत घ्याव्यात, आणि प्रत्येक वायरीला डब्यात शिरण्याआधी खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकते, डब्यात जात नाही. २४ व्होल्ट व २३० व्होल्टच्या वायरी डब्याच्या दोन वेगळ्या बाजूंनी नेऊन मध्ये आडवी प्लास्टिकची पट्टी बसवावी.

वरचा फ्लोट पंप चालू असतानाच्या पातळीपेक्षा एक सेंटिमीटर उंच, आणि खालचा पंपाच्या तोंडापेक्षा तीन ते चार सेंटिमीटर उंच बसवावा, म्हणजे भोवरा पडून हवा ओढली जाण्याआधीच पंप थांबतो. वरचा फ्लोट खाली लोंबत असताना बंद सर्किट दाखवतो की नाही, आणि खालचा वर उचललेला असताना, हे मल्टिमीटरने आधीच तपासावे. उलटे दाखवत असेल, तर दांड्यावरची लहान पकड काढून फ्लोट उलटा घातला की काम होते. दोन्ही फ्लोटभोवती भोके पाडलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवणे अत्यावश्यक समजावे. त्यामुळे लाटांनी फ्लोट थरथरत नाही, आणि मुख्य म्हणजे गोगलगाई त्याच्यावर चढून बसत नाहीत. फ्लोटवर ठाण मांडलेली एक गोगलगाय संपूर्ण सर्किट निकामी करू शकते.

टाकीला जोडण्याआधी टेबलावर बादली आणि पंपाच्या जागी साधा बल्ब घेऊन चाचणी करावी. नंतर टाकीत वरचा फ्लोट हाताने उचलावा, खालच्या कप्प्यातील पाणी तांब्याने उपसावे, एक वायर मुद्दाम सोडवावी, एमसीबी दहा मिनिटे पाडून पुन्हा चढवावा, आणि शेवटी ओव्हरफ्लोच्या जाळीवर कापड दाबून धरून पातळी कोठे थांबते ते पाहावे. या प्रत्येक वेळी पंप लगेच थांबला आणि बिघाड दूर झाल्यावर किंवा वीज परत आल्यावर पाच मिनिटांनीच सुरू झाला, तरच टाकी या यंत्रणेच्या स्वाधीन करावी. बझरला गप्प करणारा लहान स्विच ठेवायला हरकत नाही. मात्र फ्लोटला वळसा घालून पंप चालवणारा बायपास स्विच ठेवू नये. साफसफाईच्या वेळी तो चालू केला जातो आणि तसाच राहतो. पंप तात्पुरता थांबवायचा असेल, तर फ्लोटच्या मालिकेतच एक स्विच घालावा. तो विसरला तर बझर आठवण करून देतो.

एक दोष या सर्किटला स्वतःहून कळत नाही: रीडचे संपर्क चिकटणे, किंवा चुन्याच्या थराने फ्लोट दांड्यावर अडकणे. त्यासाठी महिन्यातून एकदा दोन्ही फ्लोट काढून पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवावेत, गोड्या पाण्याने धुवावेत, आणि परत बसवल्यावर प्रत्येक फ्लोट हाताने हलवून रिलेचा खटका ऐकावा. त्याच वेळी आरसीसीबीचे चाचणी बटणही दाबून पाहावे. एक जास्तीचा फ्लोट डब्याच्या आतच बांधून ठेवला, तर रात्री दुकान शोधावे लागत नाही.