कांदा मार्केटला न्यायचा की बांधावरच द्यायचा, ते ठरवायचं कसं

उन्हाळ कांदा काढून झाला की आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाड-येवल्याकडे गावागावात एकच विषय असतो, ट्रॉली बाजार समितीच्या मार्केटला लावायची की दारात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हायचं. पारावर लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो समिती म्हणजे लूट, सगळं खुलं करा, दुसरा म्हणतो समिती मोडली तर आपण संपलो. मी दोन्हीकडे माल विकलाय आणि दोन्हीकडे मार पण खाल्लाय, त्यामुळे मला आता पक्कं वाटतं की हा निर्णय एकदाच घेऊन भागत नाही, प्रत्येक ट्रॉलीला नव्याने घ्यावा लागतो. तो घ्यायचा कसा ते लिहितोय, खास करून पहिल्यांदा स्वतः माल विकणाऱ्या पोरांसाठी.

आधी कायद्याचं थोडक्यात, कारण यात फार गोंधळ आहे. बाजार समित्यांचा आपला राज्याचा कायदा 1963 चा. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला, कांदा-बटाटा धरून, नियमनमुक्त केला, म्हणजे समितीच्या आवाराबाहेर कुणालाही विकायला तेव्हापासून मोकळीक आहे. नंतर 2020 ला केंद्राचे तीन कृषी कायदे आले, जानेवारी 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली, नोव्हेंबर 2021 मध्ये ते रद्द झाले, पण आपल्या कांद्याला त्याने फरक पडला नाही, कारण आपला बाजार आधीच खुला होता. म्हणून बांधावर विकलं तर गुन्हा होईल का हे विचारणं सोडा. आणि त्याच 2016 च्या निर्णयात आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलंय. बाजार फी पण खरेदीदाराचीच. तुमच्या हिशोबपट्टीत आडत कापलेली दिसली तर तिथेच थांबा, समितीच्या ऑफिसात जा, घरी आल्यावर काही होत नाही.

आता हिशोब, इथेच बहुतेक जण फसतात. दारात व्यापारी 1400 म्हणाला, मार्केटला सरासरी 1550 निघाला, तर आपण म्हणतो दीडशेचाच फरक आहे, कशाला नंबर लावून बसा. थांबा, पेन घ्या. समजा ट्रॉलीत 25 क्विंटल आहे आणि भाडं 1500, म्हणजे क्विंटलला 60 गेले, हमाली तोलाई धरून अजून 15 धरा, मार्केटला हातात 1475 पडतात. दारातले 1400 तरी पूर्ण मिळतात का? व्यापारी क्विंटलमागे 2 किलो घट धरतो, म्हणजे पैसे 98 किलोचेच, हातात 1372. फरक 103 रुपये, 25 क्विंटलला 2575. त्यातून तुमचा एक दिवस आणि चहापाणी वजा करा आणि मग ठरवा. कधीकधी हिशोब उलटा पण निघतो, गाव लांब असेल, माल कमी असेल, गोल्टी (बारीक कांदा) आणि जोड (जुळा कांदा) जास्त असेल तर दारातच द्यावा, मी पण देतो. आणि बघायचा तो सरासरी भाव. कमाल भाव एखाद्या ट्रॉलीला मिळालेला असतो, मोबाईलवर फिरतो तो तोच. पणन मंडळाच्या साइटवर रोजचा किमान, कमाल, सरासरी आणि आवक चारही मिळतात, लासलगाव, विंचूर, पिंपळगाव या आपल्या तिन्ही मार्केटचे चार दिवसांचे आकडे शेजारी शेजारी मांडा, आवक चढतेय की उतरतेय ते कळतं.

मार्केटला गेलात तर लिलावाच्या वेळी ट्रॉलीजवळून हलू नका. ट्रॉलीचा फाळका (मागची फळी) उघडला की व्यापारी मूठभर कांदा उचलतो, पत्ती (वरची साल) चोळतो, एखादा दाबून बघतो, आणि दोन मिनिटात तुमच्या चार महिन्यांचा भाव ठरतो. म्हणून वर चांगला आणि खाली गोल्टी असं कधीच भरू नका, कारण खरी कटकट पुढे असते. सौदापट्टी, म्हणजे लिलावात ठरलेल्या भावाची चिठ्ठी, झाल्यावर ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे त्याच्या माल उतरवायच्या जागेवर, रिकामी होते आणि तिथे म्हणतात, माल खाली वेगळा निघाला, शंभर कमी करा. माल एकसारखा असेल तर तुम्ही छाती ठोकून सौदापट्टीवरचा भाव मागू शकता, नाहीच ऐकलं तर माल पुन्हा भरा आणि समितीच्या माणसाला बोलवा. माझा अनुभव असा की नुसतं 'समितीला बोलवतो' म्हटलं तरी बऱ्याच वेळा भाव जागेवर येतो. हे दारात करता येत नाही, तिथे बोलवणार कुणाला?

वजनाचं पण तसंच. भुईकाट्यावर (अख्खी गाडी तोलायचा काटा) भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळच्या चिठ्ठ्या घ्या आणि घरी जाईपर्यंत खिशात ठेवा. पेमेंट आवारात रोख, 24 तासांच्या आत, असा नियम आहे, उधारी मान्य करणं तुमच्या हातात आहे, करू नका.

बांधावर देणार असाल तर मी आता काय करतो ते सांगतो, आणि हे शिकायला मला दोन ट्रॉली लागल्या. ओळखीचा, दरवर्षी येणारा माणूस होता, नाव घेत नाही. बाजारापेक्षा पन्नास जास्त दिले, अर्धे रोख, अर्ध्याचा चेक, चेक परत आला आणि पैसे सात महिन्यांनी, तेही तुकड्या तुकड्याने. समितीत गेलो तर ते म्हणाले व्यवहार आवाराबाहेरचा आहे, आमचा हात पोचत नाही. त्यांचं बरोबर होतं, मोकळीक मी घेतली होती तर राखण पण मीच करायला हवी होती. तेव्हापासून पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्याशिवाय गाडी बांधावरून हलत नाही, काटा गावातल्या भुईकाट्यावर, घट किती धरणार ते भरायच्या आधी कागदावर, आणि गाडी नंबरसकट फोटो. बाजारापेक्षा जास्त भाव उधारीवर देणारा माणूस दिसला की मी तिथेच नमस्कार करतो. आणि चेक घेतलाच आणि तो परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत वकिलाची नोटीस गेली पाहिजे, 'देतो देतो' ऐकत बसलात की ती मुदत निघून जाते, माझी गेली होती.

एक गोष्ट मनापासून सांगतो, बांधावरचा भाव हवेतून येत नाही. दारातला व्यापारी सकाळचा लासलगावचा लिलाव बघूनच आकडा बोलतो. सप्टेंबर 2023 मध्ये निर्यात शुल्कावरून नाशिकच्या व्यापाऱ्यांनी जवळजवळ दोन आठवडे लिलाव बंद ठेवले तेव्हा दारात येणाऱ्यांनी मनाला येईल तो आकडा सांगितला, कारण तुलना करायला काही उरलंच नव्हतं. म्हणून समिती नको म्हणणाऱ्यांना मी म्हणतो, तिची लबाडी पकडा, पण तो उघडा लिलाव जपा. बिहारने 2006 ला समित्यांचा कायदाच रद्द केला, तिथला शेतकरी लगेच सुखी झाला असं काही दिसत नाही.

पण आपल्याला खरा मार बसतो तो समितीपेक्षा दिल्लीच्या आदेशांचा, आणि यावर मला राग आहे. ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क, ऑक्टोबरला किमान निर्यात मूल्य (त्याखाली बाहेर पाठवायचा नाही) टनाला 800 डॉलर, डिसेंबरला सरळ बंदी. मे 2024 ला बंदी उठली पण 40 टक्के आणि 550 डॉलर राहिले, सप्टेंबरला शुल्क 20 वर आलं आणि पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. भाव वाढला की खाणाऱ्यासाठी नियम लागतो, भाव पडला की म्हणतात बाजार आहे, आम्ही काय करणार. कांद्याला हमीभाव नाही. नियम लावायचा तर दोन्ही बाजूंना लावा, नाहीतर दोन्हीकडून हात काढा.

यावर आपण करू शकतो ते एवढंच की सगळा कांदा एका डावावर लावायचा नाही. मी एक हिस्सा काढल्याबरोबर विकतो, मजुरी-खताची देणी भागतात, बाकीचा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, आणि तोही तीन-चार वेळा थोडा थोडा. चाळीत पाच-सहा महिन्यांत तिसरा हिस्सा सडून-सुकून जाऊ शकतो हे धरूनच भावाची वाट बघा, 1400 चा कांदा 2000 ला विकला आणि तिसरा हिस्सा गेला तर तुम्ही कमावलं काहीच नाही, उलट क्विंटलमागे साठ-सत्तर रुपये तोटाच. आणि किरकोळ बाजारात कांदा महागल्याच्या बातम्या रोज टीव्हीवर यायला लागल्या की दिल्लीच्या आदेशाची वाट बघू नका, चाळ उघडा.

आणि विक्रीच्या पट्ट्या फेकू नका. 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव कोसळला तेव्हा राज्याने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं, एका शेतकऱ्याला 200 क्विंटलपर्यंत, पण विक्रीची पट्टी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद मागितली. आमच्या गल्लीत ज्यांनी बांधावर चिठ्ठीशिवाय दिला होता त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद आपणच करायची, मोबाईलवर पंधरा मिनिटात होते, कांदा लावला की त्याच आठवड्यात करून टाका, आणि सगळ्या पट्ट्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याबरोबर ठेवा, उंदीर लागणार नाहीत अशा जागी.