पिळलेल्या स्प्रिंगची ऊर्जा काढताना या चुका टाळा

ही टॉर्शन स्प्रिंग, म्हणजे टोकं फिरवून पिळायची वेटोळ्यांची स्प्रिंग. सूत्र एका ओळीचं: ऊर्जा = ½ × स्थिरांक × कोनाचा वर्ग. स्थिरांक म्हणजे एक रेडियन पिळायला किती जोर (आघूर्ण) लागतो ते, आणि कोनही रेडियनमध्येच (१ रेडियन = ५७.३ अंश). उत्तर फसतं ते त्यात घातलेल्या आकड्यांमुळे.

२ मिमी तारेची, २० मिमी सरासरी व्यासाची, ६ वेढ्यांची स्टीलची स्प्रिंग घेऊ. स्थिरांक = यंग गुणांक (धातू ताणायला-वाकवायला किती कठीण याचं माप) × तारेचा व्यास⁴ ÷ (६४ × सरासरी व्यास × वेढे). यंग गुणांक २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला, की स्थिरांक सुमारे ४१७ न्यूटन-मिमी प्रति रेडियन येतो आणि ९० अंशांच्या पिळात ०.५१ ज्यूल साठतात.

तुमचं उत्तर १,६८७ ज्यूल आलं? मग कोन अंशांतच राहिला. एवढ्या ऊर्जेत १७० किलोचं ओझं मीटरभर उचलता येईल. मुठीत मावणाऱ्या स्प्रिंगकडून ही अपेक्षा नको. कॅटलॉगमध्ये स्थिरांक ‘प्रति अंश’ दिला असेल तर ५७.३ ने गुणा, ‘प्रति फेरा’ असेल तर ६.२८ ने भागा.

सगळ्यात जास्त फसवते ती आधीची पीळ. स्प्रिंग बसवतानाच ३० अंश पिळलेली असेल आणि काम करताना आणखी ९० अंश फिरत असेल, तर नुसत्या ९० चा वर्ग चालत नाही. १२० च्या वर्गातून ३० चा वर्ग वजा करायचा, अर्थात रेडियनमध्ये. मग भर पडते ०.८६ ज्यूलची, आधीच्या उत्तरापेक्षा दोन तृतीयांश जास्त.

नाव ‘टॉर्शन’ असलं तरी इथे तार वाकते, पिळली जात नाही. म्हणून सूत्रात यंग गुणांकाऐवजी दृढता गुणांक (धातू पिळायला किती कठीण याचं माप) घातला की स्थिरांक अडीचपट कमी येतो. व्यास सरासरी घ्या, म्हणजे बाहेरच्या व्यासातून तारेची जाडी वजा करून. तारेची जाडी पट्टीने नव्हे, मायक्रोमीटरने मोजा: २ ऐवजी १.९५ मिमी निघाली तरी चौथ्या घातामुळे स्थिरांक १० टक्के उतरतो. स्प्रिंगचे पाय (दोन्ही टोकांचे सरळ भाग) लांब असतील तर तेही वाकतात, दोन्ही पायांच्या लांबीची बेरीज ÷ (३ × ३.१४ × सरासरी व्यास) एवढे वेढे वाढवून धरा.

हिशेब बरोबर, पण ताणकाट्याने (ओढून जोर मोजायच्या काट्याने) पाय ओढून पाहिल्यावर जोर भलताच लागतोय? आतला दांडा तपासा. पिळताना वेढे आवळतात: इथे ९० अंशांना आतला व्यास १८ वरून १७.२ मिमी होतो. दांडा १७.५ मिमीचा असेल तर स्प्रिंग त्यावर आवळून बसते आणि सूत्र तिथेच संपतं. ताणकाटा पायाला काटकोनात ओढा. किलोत वाचन असेल तर ९.८१ ने गुणून न्यूटन करा.