नायजरच्या खेड्यात बालपोषणाचं काम करताना या चुका टाळा

दक्षिण नायजरमध्ये, मारादी आणि झिंदेरच्या पट्ट्यात, बाळाच्या वाटीत काय आहे ते मराठी माणूस लगेच ओळखेल: बाजरी. हे पीक मुळात पश्चिम आफ्रिकेतलंच, आपल्याकडे ते तिकडून आलं. या ओळखीमुळे आपल्याला सगळं कळलं असं वाटतं, आणि पहिली चूक तिथेच होते.

ती चूक म्हणजे महिने न पाहता आखणी करणं. साधारण जून ते सप्टेंबर कणग्या रिकाम्या असतात. जुनं धान्य संपलेलं, नवं अजून शेतात उभं. याच दिवसांत पाऊस, डास, मलेरिया आणि जुलाब, आणि आई मात्र सकाळपासून खुरपणीला. कापणीनंतर, घरात धान्य असताना मेळावे घेऊन पौष्टिक खाण्याचे धडे दिले, तर पोरं खंगतात तेव्हा आपण तिथे नसतोच. पोषणाच्या कामाला मलेरियाची जोड हवीच. साहेलसाठी, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यासाठी, जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये पावसाळ्यात मलेरिया-प्रतिबंधक औषधाची शिफारस केली: लहान मुलांना दर महिन्याला 3 दिवस गोळ्या. पहिला डोस कार्यकर्त्यांसमोर दिला जातो, पुढचे दोन घरी चुकतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्या दारात जा.

लापशीकडे नीट बघा. हौसा भाषेत तिला कोको म्हणतात. चमचा तिरका केला की ती ओघळून जाते. बाळाचं पोट मूठभर, ते पाण्यानेच भरतं. आईला 'घट्ट करा' एवढं सांगून भागत नाही, कारण पीठ पुरवायचं असतं आणि घट्ट लापशी निवली की गिळवत नाही. मोड आणून वाळवलेल्या बाजरीचं चमचाभर पीठ उकळी बसलेल्या पण गरम लापशीत ढवळलं, की घट्ट लापशी सैल होते आणि पाणी वाढवावं लागत नाही. वर दाण्याचं कूट किंवा चवळीचं पीठ. चवळी तिथे पिकते, गोरखचिंचेचा पालाही घरात असतो. बाहेरची पाककृती नेऊ नका.

कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजणारी रंगीत पट्टी मेळघाटात काम केलेल्यांच्या ओळखीची. 6 ते 59 महिन्यांच्या मुलाचा दंड 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, म्हणजे गंभीर कुपोषण; 125 पर्यंत पिवळा, म्हणजे मध्यम. पट्टी आवळली की कातडीला सुरकुती पडते आणि पिवळ्याचं लाल होतं. सैल धरली की आजारी मूल हिरव्यात जातं. आयांना मोजायला शिकवा. नायजरमध्ये त्या हे नीट करतात.

पण नुसत्या पट्टीवर विसंबणं घातक. दोन्ही पावलांवर अंगठा 3 सेकंद दाबून धरा. खळगा तसाच राहिला तर पट्टी हिरवी असली तरी मूल गंभीर आहे, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कुपोषणाच्या या सुजेला क्वाशिओरकोर म्हणतात. घानातल्या गा भाषेतला हा शब्द सिसली विल्यम्स यांनी 1930च्या दशकात वैद्यकात आणला. अर्थ असा, की धाकटं बाळ आल्यावर थोरल्याला होणारा आजार. हा शब्द वापरणाऱ्या बायांना कारण आधीच ठाऊक होतं.

शेंगदाण्याच्या उपचारी पाकिटावरही मूल वजन धरत नसेल, तर आईला बोलू नका. 92 ग्रॅमच्या त्या पाकिटात 500 कॅलरी असतात आणि घरात चार भुकेली भावंडं असतात. घरासाठी वेगळं धान्य मिळेल का ते बघा. ताप, जुलाब तपासा. पाकीट लापशीत कालवू नका, नुसतंच द्या आणि सोबत स्वच्छ पाणी पाजा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र पाण्याचा थेंबही नको, कडक उन्हाळ्यातही. आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं. हे आजीला पटवावं लागतं, कारण तान्ह्याला पाणी बहुतेक वेळा तीच पाजते. सून शेतात असेल तेव्हा आजीजवळ जाऊन बसा.