पर्यटकांना खोली देणाऱ्या घराची सुरक्षितता : कोकणातील यजमानांसाठी

कोकणात स्वतःच्या घरातल्या दोन-तीन खोल्या पर्यटकांना देणारे बहुतेक जण ‘आमच्याकडे पाहुणे उतरतात’ असे म्हणतात; त्याला धंदा म्हणणे त्यांच्या जिवावर येते. शब्द मायेचा असला, तरी पैसे घेऊन खोली दिली की उतरलेला माणूस कायद्याने ग्राहक ठरतो आणि आपल्या निष्काळजीपणामुळे त्याचा मृत्यू ओढवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निवास-न्याहारी योजनेतल्या नोंदणीने ही जबाबदारी हलकी होत नाही.

तयारीची सुरुवात एका साध्या प्रयोगाने करावी : रात्री दिवे मालवून, हातात जड बॅग घेऊन, स्वतःच्याच घरात परक्यासारखे शिरावे. आमच्या माजघरातून पडवीत उतरताना एक पायरी आहे. तीन पिढ्या ती अंधारात बिनचूक उतरत आल्या आणि पहिल्याच हंगामात एका पाहुण्याचा पाय तिथे मुरगळला. त्या पायरीच्या कडेला आता पांढरा पट्टा आहे आणि वर रात्रभर जळणारा बारीक दिवा आहे. याच नजरेने अंगणातल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरचे शेवाळ, विहिरीचा बुटका कठडा आणि माडाखाली बांधलेला झुला पाहावा. हंगामापूर्वी पाडेल्याला बोलावून तयार नारळ आणि सुकलेली झावळे उतरवून घ्यावीत; तरीही झुला आणि गाड्यांची जागा माडांपासून दूरच ठेवावी.

सर्वांत काटेकोर तपासणी न्हाणीघराची करावी. गॅस गिझर बंद न्हाणीत बसवणे हा या व्यवसायातला सर्वांत मोठा धोका आहे, असे माझे मत आहे. जळण्यासाठी पुरेशी हवा न मिळाल्यास त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो, त्याला रंग नसतो, वास नसतो आणि आंघोळ करणाऱ्याला गुंगी येते तेव्हा कडी उघडण्याचीही ताकद उरलेली नसते. घरची माणसे झडप किलकिली ठेवतात, पण शहरातून आलेला पाहुणा डिसेंबरच्या गारठ्यात ती आधी घट्ट लावतो. म्हणून गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेरच्या उघड्या बाजूला ठेवून आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. ते जमत नसेल तर सौर बंब किंवा विजेचा गिझर घ्यावा. मागच्या अंगणातला तांब्याचा बंबही चालेल, मात्र पाणी घरच्या माणसाने काढून द्यावे.

विजेच्या बाबतीत जांभ्याच्या जमिनीची एक खोड लक्षात ठेवावी. कातळ कोरडा पडला की अर्थिंग नीट लागत नाही आणि ऐन मे महिन्यात, घर भरलेले असताना, ते सर्वांत कमजोर असते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे, दर वर्षी परवानाधारक वायरमनकडून ते मोजून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवून त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बटण दाबूनही वीज गेली नाही, तर ते उपकरण नुसते शोभेचे आहे.

पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी घरगुती सिलिंडर वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. तो घेताना वरच्या कड्याखालच्या पट्टीवरचे अक्षर वाचावे. ‘सी-२७’ असे असल्यास त्या सिलिंडरच्या चाचणीची मुदत २०२७ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत संपते. स्वयंपाकघराजवळ एबीसी पावडरचे अग्निशामक ठेवून घरातल्या प्रत्येकाला ते हाताळायला शिकवावे. चोरांच्या भीतीने खिडक्यांना पक्के गज बसवलेले असतात. प्रत्येक खोलीतल्या एका खिडकीचे गज आतून उघडणारे करून घ्यावेत, नाहीतर दारापाशी आग लागल्यास त्या खोलीतून वाट उरत नाही.

अन्न देणाऱ्याने अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी आणि स्वयंपाक करणाऱ्यांची दर वर्षी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. कोळंबी किंवा तिसऱ्या (शिंपल्या) वाढण्यापूर्वी कुणाला त्यांची ॲलर्जी आहे का, हे विचारून घ्यावे. पाहुण्यांना फोटोसाठी पितळेची भांडी आवडतात, पण कल्हई उडालेल्या भांड्यात सोलकढी ठेवू नये. विहीर आणि शौचालयाचा शोषखड्डा यांत किमान १८ मीटर अंतर असावे, कारण सच्छिद्र जांभ्यातून मैला दूरवर झिरपतो. टाकीतल्या दर १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कालवून घालावी, अर्धा तास थांबावे आणि मगच ते पाणी वापरावे.

समुद्र आपल्या आवाराबाहेर असला, तरी त्याची माहिती देणे यजमानाचेच काम आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता आणि वादळही नव्हते. आपल्याकडे तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढतात : अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब वाडीतल्या पोरांनाही येतो, पण पाहुण्याला ‘ओहोटी लागली की पाणी आत ओढते’ एवढेही ठाऊक नसते. त्यामुळे दाराजवळच्या फळ्यावर रोज सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा लिहाव्यात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची सूचना तिथेच मोठ्या अक्षरांत द्यावी आणि दारू प्यायलेल्याला पाण्यात न जाण्याबद्दल स्पष्ट शब्दांत बजावावे, मग तो रागावला तरी चालेल.

साप-विंचवाचा विषय काढला तर पाहुणे घाबरतील, म्हणून अनेक यजमान गप्प बसतात. ते चूक आहे. फुरसे चिऱ्यांच्या गडग्यात (कुंपणाच्या भिंतीत) असते आणि मण्यार रात्री घरात शिरू शकते, म्हणून खोलीत विजेरी द्यावी, जमिनीवर अंथरूण घालू नये आणि बूट झटकून घालायला सांगावे. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. प्रतिसर्पविष कोणत्या रुग्णालयात शिल्लक आहे, याची चौकशी हंगामापूर्वी स्वतः जाऊन करावी. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून मृत्यू खूप कमी झाले, पण तो उपयोगी पडायचा तर रुग्ण वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचला पाहिजे.

आरसीसीबीची चाचणी, टीसीएल घातल्याची तारीख, अर्थिंगचे माप, अग्निशामक भरल्याचा दिवस, हे सर्व एका वहीत त्या त्या दिवशीच लिहावे. विमा कंपनी किंवा पोलीस विचारायला आले की तोंडी सांगितलेले कुणी धरत नाही. आणि आमच्या वाडीसारखी तुमच्याकडेही मोबाइलची रेंज एखाद्याच ठिकाणी मिळत असेल, तर पाहुणा उतरला त्याच संध्याकाळी त्याला तिथे नेऊन उभे करावे आणि त्याच्याच फोनवरून एक फोन लावायला सांगावे.