घरकुलाचा हप्ता अडू नये म्हणून: मंजुरीपासून नमुना 8 पर्यंत

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागातल्या घरकुलाला 1 लाख 20 हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागात 1 लाख 30 हजार रुपये मिळतात. यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. पैसा वरून येतो, पण तो कधी सुटायचा हे ग्रामपंचायत आणि पंचायत समितीतल्या कागदांवर आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोंवर ठरतं. अर्धवट राहिलेल्या घरकुलांमागे कारणं बहुधा दोनच असतात: खात्याचा घोळ, नाहीतर झेपणार नाही एवढं मोठं जोतं.

आधी बेरीज करा. मूळ रकमेशिवाय महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2025 मध्ये योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरकुलांसाठी 50 हजार वाढवले. त्यातले 35 हजार बांधकामाला आणि 15 हजार छतावर सौर संच बसवला तरच. शौचालयाचे 12 हजार स्वच्छ भारत मिशनमधून येतात, पण कुटुंबाने ते पूर्वी घेतले असतील तर परत मिळत नाहीत. रोजगार हमीतून 90 दिवसांची अकुशल मजुरी मिळते. 2025-26 च्या 312 रुपये रोजाने ती 28,080 रुपये होते. हे सगळं एकाच कचेरीतून, एकाच दिवशी येत नाही, म्हणून प्रत्येकाचा पाठपुरावा वेगळा.

जागेपासून सुरुवात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा (घर-जागेची आणि घरपट्टीची नोंद) घरकुल मंजूर झालेल्या माणसाच्या किंवा पती-पत्नीच्या नावावर हवा. जागा सामाईक असेल तर भावांचं संमतीपत्र काम सुरू करण्याआधीच घ्या. जोतं वर आल्यावर भाऊ सही करायला का-कू करतात, हे गावोगाव घडतं. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेतून 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी 1 लाखापर्यंत मदत मिळते. त्याचा अर्ज पंचायत समितीत.

मग बँक. इथे सर्वांत जास्त फाईली अडतात. जनधनचं खातं पूर्ण केवायसी न करता ‘स्मॉल अकाउंट’ म्हणून उघडलं असेल तर त्यात एका वेळी 50 हजारांपेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षाला 1 लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. मोठा हप्ता अशा खात्यावर आपटून परत जातो. बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करा, खात्याचा प्रकार बदलून घ्या. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बंद पडलेलं असतं, तेही चालू करून घ्या. आधार कोणत्या बँकेला जोडलंय हेही विचारा, कारण आधारवरून येणारा पैसा शेवटी जोडलेल्या बँकेत जातो. पासबुक, आधार आणि रोजगार हमीचं जॉब कार्ड या तिन्हींवरचं नाव अक्षरन्‌ अक्षर जुळायला हवं. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ एवढा फरकही महिनाभर खाऊ शकतो.

मंजुरीचा आदेश निघण्याआधीच मोबाइल ॲपवरून राहतं घर आणि नव्या घराची जागा यांचे फोटो काढले जातात. या फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. नंतर ‘रस्त्याकडची जागा बरी’ म्हणून घर दुसरीकडे घातलंत तर पुढचे फोटो जुळत नाहीत आणि हप्ता थांबतो. जागा बदलायचीच असेल तर आधी ग्रामसेवकाला सांगा, मग पहार मारा.

पहिला हप्ता 15 हजारांचा. त्यात जोतं होत नाही, हे गृहीत धरूनच चाला. पुढची रक्कम काम दिसल्यावर मिळते, म्हणजे तिथपर्यंतचा खर्च आधी आपल्याला करावा लागतो. विटा-सिमेंटवाल्याची उधारी, बचत गटाचं कर्ज, काय ते पहिली कुदळ मारण्याआधी ठरवा. योजनेत 70 हजारांपर्यंत बँक कर्जाचीही सोय आहे, पण बँक मॅनेजरच्या मर्जीवर सगळं अवलंबून ठेवू नका.

आता मुख्य मुद्दा: आकार. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फुटांचं हवं, स्वयंपाकाची जागा धरून. बरेच जण 500-600 फुटांचं जोतं घालतात आणि लिंटेलला (दार-खिडक्यांवरच्या तुळईला) पोचता पोचता पैसे संपतात. छत नाही, म्हणून हप्ता नाही. हप्ता नाही, म्हणून छत नाही. त्यापेक्षा 269 फुटांचं घर पुरं करा आणि पुढे वाढवायच्या बाजूच्या भिंतीत विटांचे दात सोडून ठेवा.

काळी जमीन असेल तर खर्च जोत्याखाली करा. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती भिंत तिरकी चिरते. कठीण मुरूम लागेपर्यंत खणा, काळी माती काढून टाका, मुरूम थराथराने पाणी मारून धुम्मस करा, आणि जोत्याच्या पातळीवर सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा सगळीकडून फिरवा. हा पट्टा वाचवणारे पुढे गिलाव्यावर दुप्पट घालवतात.

एवढ्या घराला 9 इंची भिंतीसाठी साधारण सहा ते साडेसहा हजार विटा लागतात (भिंतीच्या चौरस फुटाला दहा धरा, दारं-खिडक्या वजा करा). वाळू चार ब्रासच्या आसपास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). घरकुलाला 5 ब्रास वाळू मोफत देण्याचं शासनाचं धोरण आहे. वाहतूक आपली, पास तहसीलमधून. पावसाळ्यात उपसा बंद असतो, तेव्हा पास हातात असूनही वाळू मिळत नाही. मंजुरी झाली की लगेच मागा. पाच इंची स्लॅबला 28-30 गोणी सिमेंट लागतं. स्लॅब झेपत नसेल तर पत्र्याचं पक्कं छतही चालतं, फक्त अभियंत्याला आधी विचारा. सौर संच घ्यायचा असेल तर पत्र्याखालच्या लोखंडाचा विचार तेव्हाच करा.

रोजगार हमीच्या मजुरीचं एक पथ्य: हजेरीपत्रक काम चालू असतानाच निघतं. घर पुरं झाल्यावर मागचे दिवस भरून मिळत नाहीत. म्हणून खणायला सुरुवात करायच्या आधी ग्रामरोजगार सेवकाकडे कामाची मागणी लिहून द्या आणि पोच घ्या.

प्रत्येक टप्प्याला फोटोत लाभार्थी उभा असलेला बरा. ग्रामीण गृहनिर्माण अभियंता गावात आला की काम दाखवा, फोटो अपलोड झाला का ते तिथेच विचारा. पैसे आले नाहीत तर ‘साहेब, हप्ता कधी?’ असं विचारू नका. उत्तर ‘येईल’ असंच मिळतं. निधी वर्ग करण्याच्या आदेशाचा, म्हणजे एफटीओचा, नंबर आणि तारीख मागा. आदेश निघालाच नसेल तर अडचण पंचायत समितीत आहे. निघून नाकारला गेला असेल तर अडचण खात्यात आहे, आणि नाकारण्याचं कारण तिथे नोंदलेलं असतं.

मंजुरीपासून 12 महिन्यांत घर पूर्ण व्हायला हवं. शेवटच्या हप्त्यासाठी दार-खिडक्या, शौचालय आणि भिंतीवर योजनेची पाटी एवढं दिसायला लागतं. रक्कम जमा झाली की नव्या घराची नोंद नमुना 8 वर करून घ्या. घरपट्टी त्यावरच लागते.