पोटाच्या डायलिसिसचं मशीन रात्री सारखं वाजतंय?

डायलिसिसच्या पाण्याच्या पिशव्या हाताने बदलायचं सोडून रात्रीच्या मशीनवर गेलं की पहिल्या आठवड्यात झोप मोडते ती बहुधा 'ड्रेन'च्या अलार्मने. पाणी पोटातून पुरेसं बाहेर आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बटण दाबून गप्प करण्याआधी नळी पोटापासून मशीनपर्यंत हाताने चाचपा: अंगाखाली दबली आहे का, पीळ पडलाय का, एखादा क्लॅम्प (नळीवरचा चिमटा) बंद राहिलाय का? मग कूस बदला किंवा दोन मिनिटं उठून बसा. कॅथेटरचं, म्हणजे पोटात बसवलेल्या नळीचं, टोक जागचं हललं की पाणी पुन्हा वाहू लागतं. मशीन साधारण गादीच्या उंचीला ठेवा, फार वरखाली नको.

नळी, क्लॅम्प सगळं ठीक आणि तरी रोज अलार्म? मग बद्धकोष्ठतेचा संशय घ्या. भरलेलं आतडं कॅथेटर दाबतं किंवा सरकवतं. रेचक मात्र डॉक्टरांना विचारूनच. मॅग्नेशियम किंवा फॉस्फेटवालं चालत नाही. पाण्यात पांढरे धागे दिसले तर ते फायब्रिन (गुठळ्या करणारं प्रथिन) असतं, नर्सला कळवा.

ड्रेन अपुरा असताना 'बायपास' करू नका, म्हणजे तो टप्पा वगळून पुढे जाऊ नका. उरलेल्या पाण्यावर पुढची भर पडून पोटाला तडस लागेल, धापही लागू शकते.

सकाळी ड्रेनची पिशवी उजेडात धरून पाहा. गढूळ पाणी किंवा पोटदुखी म्हणजे जंतुसंसर्गाची शंका: पिशवी फेकू नका, लगेच डायलिसिस केंद्राला फोन. वीज गेली तर हाती असाव्यात म्हणून हाताने बदलायच्या पिशव्या आणि टोपणं घरात ठेवाच.